समाजमंदिर बांधून झालं, आता ते चालवायचं कसं?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा नाहीतर शहरातल्या जुन्या वस्तीत, एक समाजमंदिर सापडणारच. पत्र्याचा किंवा स्लॅबचा हॉल, पुढं ओटा, भिंतीत संगमरवरी पाटी, पाटीवर निधी कुणाचा आणि लोकार्पण कुणाच्या शुभहस्ते हे सगळं ठळक, आणि दाराला कुलूप. खिडकीतून डोकावलं की आत मंडळाचं मखर, कुणाची तरी सिमेंटची पोती, ग्रामपंचायतीचे जुने ट्यूबलाइट आणि कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग.

कारण साधं आहे. बांधायला पैसे देणाऱ्या योजना भरपूर आहेत, आमदार निधी, खासदार निधी, ग्रामविकास विभागाचा २५१५ चा निधी, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना, आदिवासी भागात ठक्कर बाप्पा योजना, पण बांधल्यावर झाडू कोण मारणार, लाइट बिल कोण भरणार, रात्री अकराला कुलूप कोण लावणार हे त्यात कुठंच नसतं. ते गावानंच ठरवायचं असतं, आणि गाव बहुतेक वेळा ते ठरवत नाही, मग ज्याच्या घरात किल्ली त्याचं समाजमंदिर होऊन बसतं.

खाली लिहिलंय ते मुख्यतः ग्रामपंचायतीच्या किंवा छोट्या ट्रस्टच्या हॉलसाठी. नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीतल्या वस्तीलाही बरंचसं लागू पडेल, फक्त तिथं ग्रामपंचायतीऐवजी मालमत्ता विभागात खेटे घालावे लागतील.

१. आधी इमारत कुणाची ते कागदावर बघा

"आपल्याच समाजाचं आहे की" हे उत्तर चालत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढा, त्यात मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. जागेचा सातबारा नाहीतर सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका काढा. पुष्कळदा असं निघतं की जमीन एकाची, बांधकाम ग्रामपंचायतीचं आणि लाइट मीटर भलत्याच माणसाच्या नावावर. मीटरचं तर आवर्जून बघा, कारण उद्या थकबाकी निघाली की ज्याच्या नावावर मीटर तोच भांडायला येतो.

सरकारी निधीतून बांधलेली वास्तू साधारणपणे सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्याच मालकीची राहते. म्हणजे खासदार निधीतून (ही योजना १९९३ पासून चालू आहे) हॉल झाला म्हणून तो त्या खासदाराचा होत नाही, ज्या मंडळानं पाठपुरावा केला त्याचाही होत नाही. हे एकदा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं की निम्मी भांडणं तिथंच संपतात. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. इस्टिमेट, मोजमाप वहीची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला हे तिन्ही मागा, म्हणजे कागदावर संडास आणि वीजफिटिंग झालंय का आणि जागेवर आहे का तेही कळेल. (कागदावर असतं. जागेवरचं तुम्हीच बघा.)

अजून एक गोष्ट जी लोक बोलायला लाजतात ती स्पष्ट लिहितो. समाजमंदिर एखाद्या विशिष्ट वस्तीसाठी बांधलेलं असलं तरी सरकारी पैशातून झालेली सार्वजनिक जागा जातीवरून कुणाला नाकारता येत नाही, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे त्यासाठी. खरी अडचण कायद्याची नसतेच, सवयीची असते, गावातले बाकीचे लोक दलित वस्तीतल्या हॉलमध्ये बैठकीला जातच नाहीत, आणि गावठाणातला हॉल मागायला वस्तीतला माणूस जातच नाही कारण उत्तर त्याला आधीच माहीत असतं. यावर मला एकच उपाय चालताना दिसलाय, सरकारी कार्यक्रम आलटून पालटून दोन्हीकडं लावायचे. लसीकरण इकडं, आधार कॅम्प तिकडं, पुढच्या वेळी उलट. पोराला डोस द्यायचा असला की माणूस जातो, एकदा पाय लागला की पुढं सोपं होतं.

२. कमिटी: मोठी नको, आणि लगेच ट्रस्टही नको

उत्साहात लोक पहिल्याच बैठकीत "संस्था रजिस्टर करू" म्हणतात. थांबा जरा. इमारत ग्रामपंचायतीची असेल तर आधी ग्रामसभेत ठराव घ्या की देखभाल आणि बुकिंगसाठी अमुक जणांची समिती राहील, मुदत इतकी, हिशोब इतक्या महिन्यांनी ग्रामसभेपुढं ठेवणार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ग्रामसभा असतातच, त्यातली एक पकडा. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण यातली जी कमी असेल ती, म्हणून लोक आधी गोळा करा, नाहीतर सभा तहकूब होते. ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांकडून (ग्रामसेवकाकडून) सही-शिक्क्यानिशी त्याच आठवड्यात घ्या, "नंतर देतो" वर सोडू नका.

स्वतःच्या जागेवर, वर्गणीतून बांधलेला हॉल असेल तर मात्र नोंदणी पाहिजेच. महाराष्ट्रात संस्था नोंदणी १८६० च्या कायद्याखाली (किमान सात सभासद) आणि त्याच्या जोडीला १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. नोंदणी करणं अवघड नाही, नंतरचं पाळणं अवघड आहे. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, की ९० दिवसात बदल अर्ज द्यायचा असतो. हा नियम पाळणारे फार थोडे. जुन्या संस्थांच्या परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातला विश्वस्तांच्या नावांचा उतारा) अजूनही अशा लोकांची नावं असतात की ज्यांची नातवंडं आता पंच्याहत्तरीची शांत करून बसलीत म्हणा ना. मग बँकेत सह्या बदलत नाहीत, पैसे खात्यात असून काढता येत नाहीत, आणि छप्पर गळत राहतं.

कमिटीत कोण घ्यायचं? सात ते नऊ जण पुरे. त्यात हॉलच्या समोर किंवा शेजारी राहणारं एक घर हवंच, कारण आवाज, कचरा, रात्रीचे लाइट हे सगळं त्यांनाच सोसावं लागतं, त्यांना बाहेर ठेवलंत तर रोज तक्रार आणि आत घेतलंत तर फुकटचा पहारेकरी. हिशोबाला बँकेतून किंवा शाळेतून रिटायर झालेलं कुणीतरी. किमान तीन बायका, आणि नुसत्या सहीपुरत्या नाहीत, त्यातली एक तरी खजिनदार किंवा सचिव. अभ्यासाला येणाऱ्या पोरा-पोरींपैकी एकजण. सरपंच, माजी सरपंच आणि होऊ घातलेले सरपंच यांना सन्मानानं प्रमुख पाहुणे करा, पदाधिकारी करू नका, नाहीतर दर पंचवार्षिकला कुलूप बदलतं.

३. वेळापत्रक आधी, बुकिंग नंतर

सगळ्या लेखातला हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथं जरा थांबतो.

लोक काय करतात, हॉल उघडतात आणि लग्नांच्या बुकिंगची वाट बघतात. लग्नं येतात, पैसे येतात, पण लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर चालू होऊन आषाढी एकादशीच्या आत संपतात आणि त्यातही ठरावीक तारखांनाच गर्दी. उरलेले दिवस हॉल बंद. बंद हॉलमध्ये आधी पोती येतात, मग कुणाचा तरी ट्रॅक्टरचा ट्रेलर पुढच्या ओट्याला लागतो, मग पत्ते, मग बाटल्या, मग बायका-पोरं तिकडं फिरकत नाहीत. हॉल वाचवतात ती रोज येणारी माणसं. ती भाडं देत नाहीत किंवा अगदी नावापुरतं देतात, पण दार उघडं राहतं ते त्यांच्यामुळं.

मुंबईत १९११ मध्ये ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली तेव्हा गिरणी कामगारांसाठी वाचनालयं आणि रात्रशाळा हे मुख्य काम होतं. नागपाड्याचं नेबरहूड हाऊस बघा, वस्तीत राहून तिथल्या लोकांसाठी रोजचं काम करणारं केंद्र, आणि आज ज्याला आपण टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो ती १९३६ मध्ये त्याच वास्तूत सुरू झाली. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं, स्वतःची वास्तू त्यांनी कितीतरी वर्षांनी घेतली, तोवर लोक जमतच होते. म्हणजे माणसं आधी जमली, भिंती नंतर. आपल्याकडं सरकारी निधीमुळं हे उलटं होतं, भिंती आधी मिळतात, म्हणून माणसं जमवायचं काम मुद्दाम करावं लागतं.

तर एक मोठा पुठ्ठा घ्या, आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाचे चार भाग पाडा.

पहाटे ५ ते ९ अभ्यासिका. पोलीस भरती, एमपीएससी, तलाठी भरती करणारी पोरं प्रत्येक गावात आहेत आणि घरात त्यांना बसायला जागा नसते. त्यांना फक्त टेबल, खुर्ची, पांढरा उजेड, चार्जिंगचे पॉइंट आणि शांतता हवी असते. मुलींसाठी ही वेळ अवघड जाते, अंधारात यायला घरचे सोडत नाहीत, म्हणून सकाळी ९ ते १२ ची दुसरी पाळी ठेवा, नाहीतर अभ्यासिका फक्त पोरांची होऊन बसते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुपार बायकांची. बचत गटांच्या बैठका, ग्रामसंघाची बैठक, शिवणक्लास, पापड-कुरडईचा सीझन असेल तर तेही ओट्यावर. आशाताई आणि सिस्टर यांना महिन्याचा लसीकरणाचा दिवस ठरवून द्या, त्यांना दरवेळी कुणाच्या तरी पडवीत बसावं लागतं ते थांबेल. चारनंतर ज्येष्ठ मंडळी, पेपर आणि कॅरम. संध्याकाळी पोरांचे कराटे किंवा लेझीम, गुरुवारी नाहीतर एकादशीला भजन. ढोल पथकाची प्रॅक्टिस आत नको, कृपा करून, पत्र्याच्या हॉलमध्ये ढोल वाजला की शेजारचं बाळ आणि म्हातारी दोघं रडतात.

आता नियम: या ठरलेल्या वेळांवर बुकिंग आलं तर किमान पंधरा दिवस आधी त्या गटाला सांगायचं आणि दुसरी जागा शोधून द्यायची, अगदी शाळेचा वर्ग असला तरी चालेल. एका महिन्यात एका गटाची वेळ दोनदा उडवायची नाही. लग्नवाला नाराज झाला तर होऊ द्या, तो आयुष्यात एकदा येणार आहे, भजनी मंडळ दर आठवड्याला.

याला एकच अपवाद, दहावं-तेरावं. ते सांगून येत नाही. त्यासाठी हॉल तयार ठेवायचा, भाडं फक्त सफाई आणि लाइटपुरतं, आणि चर्चा नाही. दुःखाच्या वेळी ज्या जागेनं दार उघडलं तिला लोक नंतर वर्गणी मागितल्यावर नाही म्हणत नाहीत, हे हिशोबानं सांगतोय असं वाटेल, पण खरं आहे.

आणि आणीबाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला, दोन्ही वेळा लोकांना शाळा आणि सभागृहांत हलवावं लागलं. तुमचं गाव नदीकाठी असेल तर हॉलमध्ये पाण्याची टाकी भरलेली, दोन ताडपत्र्या, दोर, टॉर्च, प्रथमोपचार पेटी हे मे महिन्यातच तपासून ठेवा, आणि हॉल स्वतःच पूररेषेत येतो का ते जुन्या माणसांना विचारा.

४. किल्ली

किल्ली अध्यक्षाच्या घरी ठेवू नका. अध्यक्ष लग्नाला गेला की अभ्यासिका बंद. तीन किल्ल्या करा: एक हॉलची देखभाल करणाऱ्या माणसाकडं, एक शेजारच्या घरी, एक ग्रामपंचायतीत सीलबंद पाकिटात. किल्ली घेतली की वहीत नाव, वेळ, सही, परत केली की पुन्हा सही. पहाटेच्या अभ्यासिकेची किल्ली पोरांनाच द्या, आळीपाळीनं, आठवड्याला एकजण जबाबदार. सुरुवातीला मोठी माणसं म्हणतात पोरं काय सांभाळणार, तर पोरं मोठ्यांपेक्षा चांगली सांभाळतात कारण जागा गेली तर नुकसान त्यांचं.

देखभाल करणारा माणूस फुकट ठेवू नका. "समाजाचं काम आहे" म्हणून चार महिने होतं, पाचव्या महिन्यात त्याचा शेतीचा हंगाम येतो. थोडं का होईना मानधन द्या आणि कामं लिहून द्या: उघडणं, झाडणं, टाकी भरणं, रीडिंग लिहिणं, बंद करणं. संडासाच्या सफाईचं मानधन वेगळं, ते त्याच पगारात घुसडू नका.

५. दर कसा ठरवायचा

शेजारच्या गावात किती घेतात ते विचारून दर लावू नका, तुमचा खर्च मोजा. उदाहरण म्हणून धरू, देखभालवाल्याचं मानधन महिन्याला ४,०००, सफाई २,५००, लाइट सरासरी १,८००, फिनेल-झाडू-बल्ब ७००, दुरुस्तीसाठी बाजूला १,०००. झाले १०,०००, वर्षाचे १ लाख २० हजार. वर्षात लग्न-साखरपुडे-वाढदिवस मिळून भाड्याचे ३० दिवस मिळतात असं धरलं तर दिवसाला ४,००० आले पाहिजेत. गावातल्यांना ३,५०० आणि बाहेरच्यांना ६,००० असं काही केलं की मेळ बसतो. आकडे तुमचे तुम्ही टाका, पण गणित भिंतीवर लावा, म्हणजे "एवढं कशाला" म्हणणाऱ्याला बोट दाखवता येतं.

कार्यक्रमाची लाइट भाड्यात धरू नका, वरचे १,८०० हे रोजच्या वापराचे. कार्यक्रमाच्या आधी मीटरचा फोटो, नंतर मीटरचा फोटो, जेवढे युनिट तेवढे पैसे. लायटिंगवाला आणि मंडपवाला मेन बोर्डातून थेट वायर ओढतात, तिथं सक्त मनाई. त्यांच्यासाठी वेगळा एमसीबी लावलेला पॉइंट काढून द्या आणि अर्थ लीकेजचा ट्रिपर आजच बसवून घ्या. आणि मीटर घरगुती दराचा दाखवून हॉल भाड्यानं चालवू नका, तपासणीला आले की बिलातला फरक दंडासकट भरावा लागतो.

डिपॉझिट घ्याच, नातेवाईक असला तरी. पत्रावळ्यांचा ढीग, तुटलेली खुर्ची, उष्टं अन्न टाकून तुंबलेली मोरी, हे सगळं डिपॉझिटमधून. परत देताना लगेच, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, लोकांना लावून धरायला लागलं की पुढच्या वेळी कुणी देत नाही. बुकिंगची एकच वही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आमची तारीख धरा" टाकलं म्हणजे बुकिंग नाही. पेन्सिलनं लिहिलेली तारीख तीन दिवस धरायची, आगाऊ रक्कम आली की पेननं.

पैसे कुठं जमा करायचे हा नाजूक भाग. हॉल ग्रामपंचायतीचा असेल तर भाडं ग्रामपंचायतीच्या निधीत, त्यांच्या पावतीवर, आणि समितीला खर्चाला किती परत मिळणार ते ठरावातच लिहून घ्या. स्वतःची पावती पुस्तकं छापून परस्पर गोळा केलं तर उद्या कुणीही चौकशी लावू शकतो. ट्रस्ट असेल तर अनुक्रमांक छापलेली पुस्तकं, दोन सह्यांचं खातं, आणि क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा. खजिनदाराच्या स्वतःच्या फोन नंबरवर पैसे घ्यायचे नाहीत, माणूस कितीही सज्जन असो, बायको सुद्धा विचारते हे पैसे कुठले. छोट्या हॉलची उलाढाल जीएसटीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही, ते टेन्शन घेऊ नका.

राजकीय कार्यक्रमांना एकच दर, सगळ्या पक्षांना, पैसे आधी. "साहेबांनीच निधी दिलाय" हे ऐकू येईल तेव्हा पहिल्या पायरीतला उतारा दाखवा.

६. आवाज, आग, आणि संडास

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला आतल्या आत वापरायची सूट त्या नियमात आहे, पण खिडक्या उघड्या ठेवून, पत्र्याखाली डीजे लावून "आम्ही आतच वाजवतोय" म्हणणं म्हणजे सूट नव्हे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, म्हणजे साधारण घरात हळू बोलण्याइतकी. आपला नियम सरळ ठेवा, पावणेदहाला साउंड बंद, करारावर सही.

आगीचं कुणी मनावर घेत नाही. हॉलला दोन दारं असतात आणि दुसरं कायम खुर्च्यांनी बंद केलेलं असतं, ते कार्यक्रमाच्या वेळी कुलूप काढून, वाट मोकळी, हे देखभालवाल्याच्या कामाच्या यादीत पहिलं. स्वयंपाक आणि सिलिंडर हॉलच्या बाहेर, शेडखाली. दोन अग्निशामक सिलिंडर, एक दाराशी आणि एक स्वयंपाकाच्या बाजूला, आणि वापरायचे कसे हे चार पोरांना शिकवून. शहरातलं मोठं सभागृह असेल तर २००६ च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो.

आता संडास. मला कुणी विचारलं की नवीन समाजमंदिरात पहिला खर्च कशावर करू, तर साउंड सिस्टिम नाही, स्टेज नाही, बायकांचा संडास. पाणी येणारा, आतून कडी लागणारा, उजेड असणारा, आणि दार पुरुषांच्या बैठकीसमोर न उघडणारा. हा शेवटचा मुद्दा इंजिनिअरच्या नकाशात कधीच नसतो. दुपारच्या बैठकीला बायका येत नाहीत, "त्यांना रस नाही" असं म्हणतात, रस असतो हो, दोन तास बसायचं तर जायचं कुठं हा प्रश्न असतो. पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवा आणि तो रोज कोण रिकामा करणार तेही लिहा. म्हाताऱ्यांसाठी एक तरी कमोड आणि भिंतीला धरायला दांडा, दाराशी पायऱ्यांबरोबर उतार.

७. हिशोब आणि दुरुस्ती

दर महिन्याच्या पाच तारखेला एक कागद दारावर: जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी. टाइप केलेला नको, हातानं लिहिलेला चालतो, पण लागला पाहिजे. ट्रस्टचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यानंतर ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात द्यायचं. देणगी शक्यतो चेकनं किंवा ऑनलाइन, ऐंशी-जी असलेल्या संस्थेलाही २,००० च्या वर रोख दिलेल्यावर देणगीदाराला करसूट मिळत नाही.

एक सापळा सांगतो. कोचिंग क्लासवाला येतो, म्हणतो पाच वर्षांचं भाडं ठरवू, रंग मी देतो, पंखे मी लावतो. फार गोड वाटतं. पण ट्रस्टची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यानं द्यायला कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, आणि परवानगीपेक्षा मोठा प्रश्न म्हणजे मग दुपारच्या बायका, चारचे म्हातारे आणि पहाटेची पोरं जाणार कुठं. क्लासला द्यायचं असेल तर रोजचे दोन तास द्या, हॉल देऊ नका.

दुरुस्तीचं कॅलेंडर मुहूर्तांवर बसवा. दसरा ते तुळशीचं लग्न हा रंगरंगोटीचा काळ, पाऊस गेलेला आणि बुकिंग सुरू व्हायचं. गळती बघायची पहिल्या मोठ्या पावसात, खडूनं खुणा करायच्या, आणि वॉटरप्रूफिंग पुढच्या एप्रिल-मे मध्ये मुहूर्त नसलेल्या दिवसांत. टाकी तीन महिन्यांनी धुवायची, तारीख टाकीवरच ऑइल पेंटनं लिहायची. भिंतीवरच्या महापुरुषांच्या तसबिरी डेकोरेशनवाल्यानं काढायच्या नाहीत, झाकायच्या नाहीत, हे करारात लिहा. साधी गोष्ट वाटते, पण गावात भडका उडायला तेवढं पुरतं.

खोलीतल्या त्या पोत्यांचं आणि मखराचं काय? नोटीस लावा, पंधरा दिवस द्या, ज्याचं त्यानं न्यावं. मंडळाला मखर ठेवायला जागा खरंच लागते, त्यांना मागच्या बाजूला एक कपाट किंवा माळा द्या आणि बदल्यात गणपतीनंतरची सफाई त्यांच्याकडं. बाकीचं पंचनामा करून ग्रामपंचायतीच्या आवारात.

८. कमिटी बदलताना

दोन-तीन वर्षांनी निम्मे लोक बदला, सगळे एकदम नको. बदलण्याच्या दिवशी एका कागदावर सगळं उतरवून दोन्हीकडच्या सह्या: किल्ल्या किती आणि कुणाकडं, मीटरचा ग्राहक क्रमांक, शेवटचं भरलेलं बिल, पावती पुस्तकं कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत वापरली, कोरी किती उरली, खात्यातली शिल्लक, घेतलेली डिपॉझिटं आणि त्यातली परत द्यायची कुठली, पुढच्या सहा महिन्यांची बुकिंग, खुर्च्या-सतरंज्या-पातेली मोजून, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन. ट्रस्ट असेल तर त्याच आठवड्यात बदल अर्जाचे कागद वकिलाकडं द्या आणि बँकेतल्या सह्यांचं काम लावून घ्या. पातेली मोजायला वेळ लागतो, दुपारी सुरू करा.